पाळीव सरड्याचा गृहनिवास : रचना आणि बांधणीचा ऐतिहासिक आढावा

सारांश

पाळीव सरड्यासाठी घरात बांधली जाणारी पेटी ही वरवर पाहता छंदाची आणि सुतारकामाची बाब वाटते. परंतु तिच्या रचनेत कोणत्या काळी काय बदलले याचा मागोवा घेतल्यास प्राणिशास्त्र, शरीरक्रियाशास्त्र, वास्तुरचना आणि प्रकाशतंत्र या चार क्षेत्रांतील ज्ञानाचा एकत्रित इतिहास समोर येतो. प्रस्तुत लेखात १८२९ ते २०२४ या कालखंडातील या रचनेच्या प्रमुख टप्प्यांचा विचार केला आहे. प्राण्याला बंदिस्त ठेवून उबदार राखणे हे आरंभीचे उद्दिष्ट होते. पुढे प्राण्याला ऊब, प्रकाश आणि आडोसा यांची स्वतः निवड करता यावी, हे उद्दिष्ट पुढे आले. हा बदल आवश्यक ज्ञान उपलब्ध झाल्यानंतरही दीर्घकाळ रखडला आणि त्याची किंमत प्राण्यांनी मोजली, असे या लेखाचे प्रतिपादन आहे.

बीजसंज्ञा : सरीसृप, काचपेटी, तापमाननियमन, अतिनील किरण, जीवनसत्त्व ड, प्राणिकल्याण.

प्रस्तावना

मनुष्याने पाळलेल्या बहुतेक प्राण्यांनी मनुष्याच्याच हवामानात राहणे स्वीकारले. गाय, कुत्रा किंवा मांजर यांना निवारा लागतो. परंतु शरीराची उष्णता ते स्वतः निर्माण करतात. सरड्याचे तसे नाही. त्याच्या शरीरातील उष्णता प्रामुख्याने परिसरातून येते. अन्नाचे पचन, रोगप्रतिकार, हालचाल आणि प्रजनन या सर्व क्रिया त्या उष्णतेवर अवलंबून असतात. त्यामुळे सरड्याची पेटी हा केवळ निवारा ठरत नाही. त्याच्या शरीरक्रियेचा एक भागच त्या पेटीत बांधावा लागतो. गोठा चुकला तर गाय अस्वस्थ होते. पेटी चुकली तर सरड्याचे पोट भरलेले असूनही अन्न पचत नाही.

या कारणामुळे सरड्याची पेटी बांधणाऱ्याला, जाणीवपूर्वक असो वा नसो, सरडा हा कसा प्राणी आहे याविषयी एक गृहीतक स्वीकारावे लागते. प्रत्येक काळातील पेटी त्या काळातील गृहीतकाची साक्ष देते. या दृष्टीने ही पेटी इतिहासाचे एक साधन ठरते.

काचपेटीचा उगम

घरात बाळगता येईल अशा काचेच्या बंदिस्त परिसराचा उगम प्राण्यांसाठी झाला नाही; तो वनस्पतींसाठी झाला. पूर्व लंडनमधील नॅथॅनिएल बॅगशॉ वॉर्ड या वैद्याला नेचे वाढवण्याची आवड होती. मात्र कोळशाच्या धुराने त्याची रोपे मरत असत. १८२९ मध्ये त्याने एका पतंगाचा कोश ओलसर मातीसह काचेच्या बंद बाटलीत ठेवला. काही दिवसांनी त्या मातीत नेचा आणि गवत उगवलेले त्याला आढळले. बाहेरच्या हवेत न जगणारी वनस्पती बंद काचेत जगते, कारण बाष्पाचे चक्र आतल्या आत चालू राहते, हा निष्कर्ष त्याने काढला. १८३३ मध्ये त्याने अशा पेट्यांतून रोपे सिडनीस पाठवली. १८४२ मध्ये त्याचे या विषयावरील पुस्तक प्रसिद्ध झाले. पुढे रॉबर्ट फॉर्च्यून याने चीनमधील चहाची रोपे हिंदुस्थानात आणली ती याच पेट्यांतून.

१८४५ मध्ये ब्रिटनमधील काचेवरील कर रद्द झाला आणि काचेच्या वस्तू मध्यमवर्गाच्या आवाक्यात आल्या. वॉर्डच्या पेट्या दिवाणखान्यात आल्या. १८५४ मध्ये फिलिप हेन्री गॉस याच्या ‘दि अॅक्वेरियम’ या पुस्तकाने जलपेटीची लाट आणली. सरीसृपांसाठीची पेटी या दोहोंची वारसदार होय. मात्र या वारशात एक दोषही आला. वॉर्डच्या पेटीचे सामर्थ्य तिच्या एकसारखेपणात होते. आतील आर्द्रता व ऊब सर्वत्र समान आणि स्थिर राहणे हे नेच्यासाठी हिताचे होते. सरड्याला मात्र नेमके याच्या उलट हवे असते, हे समजण्यास पुढे शंभर वर्षे लागली.

सार्वजनिक सरीसृपगृह

लंडनच्या रीजेंट्स पार्क येथील प्राणिसंग्रहालयात १८४९ मध्ये सरीसृपांसाठी स्वतंत्र इमारत सुरू झाली. ही जगातील अशा प्रकारची पहिली इमारत मानली जाते. ती नव्याने बांधलेली नव्हती. मांसभक्षक प्राण्यांसाठी पूर्वी वापरात असलेल्या इमारतीतच तिची व्यवस्था करण्यात आली. तेथे मुख्य प्रश्न दोन होते. प्रेक्षकाला प्राणी दिसावा आणि प्राणी बाहेर येऊ नये. दुसऱ्या प्रश्नाचे गांभीर्य १८५२ मध्ये स्पष्ट झाले. त्या वर्षी एडवर्ड होरेशिओ गर्लिंग या रखवालदाराचा नागाच्या दंशाने मृत्यू झाला.

उष्णतेचा विचार या काळात झाला नाही असे नाही. मोठ्या सापांना ऊब मिळावी म्हणून घोंगड्या दिल्या जात आणि त्यांपैकी एक घोंगडी एका सापाने गिळल्याची घटना त्या वेळी बरीच गाजली. ही हकीगत विनोदी वाटली तरी तिच्यामागील गृहीतक लक्षात घेण्याजोगे आहे. घोंगडी ही स्वतः उष्णता निर्माण करणाऱ्या शरीराची उष्णता राखते. जे शरीर पुरेशी उष्णता निर्माण करत नाही त्याला घोंगडीचा उपयोग नाममात्र असतो. म्हणजेच सापाची सोय मनुष्याच्या शरीरावरून ठरवली गेली होती.

घरगुती पेटीवरील लेखन एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात वाढले. जर्मनीत योहान फॉन फिशर याचे ‘दास टेरॅरियम’ हे पुस्तक १८८४ मध्ये प्रसिद्ध झाले. पेटीतील वनस्पती आणि पेटीतील प्राणी हे दोन्ही विषय त्यात आहेत. इंग्लंडमध्ये ग्रेगरी बेटमन या धर्मोपदेशकाचे ‘दि व्हिव्हॅरियम’ हे पुस्तक १८९७ मध्ये आले. पेट्यांची बांधणी, मांडणी आणि देखभाल यांचे मार्गदर्शन करणे हा त्याचा घोषित हेतू होता. सरड्याची पेटी स्वतः बांधणारा गृहस्थ हा स्वतंत्र वाचकवर्ग म्हणून तोपर्यंत अस्तित्वात आला होता, एवढे यावरून निश्चित म्हणता येते.

जोन प्रॉक्टर आणि १९२७ चे सरीसृपगृह

या इतिहासातील निर्णायक टप्पा ज्या व्यक्तीशी निगडित आहे तिची सुरुवात घरात सरडे पाळण्यापासून झाली होती, ही बाब विशेष महत्त्वाची आहे. जोन बोशॅम्प प्रॉक्टर हिचा जन्म १८९७ मध्ये लंडन येथे झाला. लहानपणापासून ती सरडे पाळीत असे. शाळकरी वयात तिने मगरीचे पिल्लूही बाळगले होते. दीर्घ आजारपणामुळे तिला विद्यापीठीय शिक्षण घेता आले नाही. ब्रिटिश म्युझियममधील सरीसृपतज्ज्ञ जॉर्ज आल्बर्ट बूलेंजर यांच्या हाताखाली तिने १९१६ पासून काम केले आणि १९२३ मध्ये लंडन प्राणिसंग्रहालयातील सरीसृप विभागाची जबाबदारी तिच्याकडे आली.

वास्तुविशारद एडवर्ड गाय डॉबर यांच्या सहकार्याने तिने १९२६-२७ मध्ये नवे सरीसृपगृह उभारले. त्याची तीन वैशिष्ट्ये प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने महत्त्वाची आहेत. पहिले, विजेच्या साहाय्याने वेगवेगळ्या भागांत वेगवेगळे तापमान राखण्याची सोय. दुसरे, प्रेक्षकांची जागा मंद उजेडात आणि प्राण्यांचे कक्ष प्रकाशात ठेवण्याची, मत्स्यालयांतून घेतलेली पद्धत. तिसरे, अतिनील किरणांचा काही भाग आत येऊ देणाऱ्या ‘व्हायटाग्लास’ या विशेष काचेचा वापर.

तिसऱ्या वैशिष्ट्यामागे तत्कालीन वैद्यकाची पार्श्वभूमी होती. १९१९ मध्ये बर्लिनमध्ये कुर्ट हुल्डशिन्स्की याने अतिनील दिव्याच्या प्रकाशाने मुलांचा मुडदूस बरा होतो हे दाखवले. त्याच वर्षी एडवर्ड मेलनबी याने आहारातील घटकाचा मुडदुसाशी असलेला संबंध कुत्र्यांवरील प्रयोगांतून मांडला. खिडकीच्या साध्या काचेतून उजेड येतो, परंतु हाडांना उपयुक्त असणारे किरण येत नाहीत, हे स्पष्ट झाले होते. मुलांच्या आरोग्यासाठी ज्या काचेचा पुरस्कार केला जात होता तीच काच प्रॉक्टर हिने सरड्यांच्या छपरावर बसवली. सरड्याच्या गरजा शरीरशास्त्राच्या आधारे ठरवण्याचा हा आरंभीचा महत्त्वाचा प्रयत्न होय. अशा काचेची पारगम्यता उन्हात कालांतराने घटते, ही तिची मर्यादा होती.

१९२७ मध्ये या गृहात कोमोडो घोरपडी आल्या. १९१२ मध्येच शास्त्रीय वर्णन झालेला हा प्राणी तेव्हा हिंस्र राक्षस म्हणून ओळखला जात होता. त्यांपैकी ‘सुम्बावा’ नावाची घोरपड प्रॉक्टर हिच्यासोबत संग्रहालयाच्या आवारात फिरत असे. १९२८ मध्ये प्राणिशास्त्रीय संस्थेच्या सभेत तिने ही घोरपड सर्वांसमोर आणली. योग्य परिसर मिळाल्यास मोठा सरडाही शांत आणि माणसाला ओळखणारा होतो, हे तिला दाखवायचे होते. १९३१ मध्ये, वयाच्या अवघ्या चौतिसाव्या वर्षी तिचे निधन झाले. तिने रचलेली इमारत मात्र पुढे सुमारे शतकभर वापरात राहिली. नवे सरीसृपगृह २०२४ मध्ये सुरू झाले.

‘शीतरक्ती’ या संकल्पनेची फेरतपासणी

प्रॉक्टर हिने तापमानाचे वैविध्य निरीक्षणातून आणि अनुभवातून साधले होते. त्यामागील तत्त्व प्रयोगाने सिद्ध झाले ते १९४४ मध्ये. रेमंड काउल्स आणि चार्ल्स बोगर्ट या अमेरिकी संशोधकांनी कॅलिफोर्नियाच्या वाळवंटातील सरीसृपांच्या उष्णताविषयक गरजांचा अभ्यास त्या वर्षी प्रसिद्ध केला. सरड्याचे शरीर परिसराइतकेच तापते आणि परिसराइतकेच निवते, ही समजूत त्यांनी अपुरी ठरवली. जागा मिळाल्यास सरडा ऊन आणि सावली यांच्यात ये-जा करून, अंग उन्हाच्या दिशेने वळवून, बिळात शिरून आपले तापमान मर्यादित कक्षेत राखतो. ही कक्षा जातीनुसार भिन्न असते. वाळवंटी इग्वानाचे सक्रिय अवस्थेतील तापमान ४० अंश सेल्सिअसच्या आसपास, म्हणजे मनुष्याच्या रक्ताहून अधिक असते. अशा प्राण्यास ‘शीतरक्ती’ म्हणणे किती फसवे आहे, हे यावरून ध्यानात येते.

या अभ्यासातील दुसरा निष्कर्ष अधिक गंभीर होता. सरड्याला पसंत असणारे तापमान आणि त्याला मारणारे तापमान यांत अंतर थोडे असते. म्हणजे सरडा मृत्यूच्या जवळच्या तापमानात सुखाने जगतो, कारण तेथून केव्हा निघायचे हे त्याला कळते. त्याच्या हातून निघण्याची सोय काढून घेतली की त्याला आवडणारी उष्णताच घातक ठरते. एकसारख्या तापमानाच्या पेटीत नेमके हेच घडते. ती पुरेशी उबदार नसेल तर सरडा हळूहळू खंगतो. पुरेशी उबदार असेल तर त्याला थंडाव्यास जाता येत नाही.

ज्ञान आणि व्यवहार यांतील अंतर

१९४४ नंतर घरगुती पेट्यांची रचना तातडीने बदलली असे दिसत नाही. मासे ठेवण्याच्या काचपेटीला जाळीचे झाकण लावून तीत सरडा ठेवण्याची प्रथा दीर्घकाळ चालू राहिली. बाजारात विजेने तापणारे कृत्रिम दगड आले. निसर्गात सरड्याची पाठ प्रथम तापते. पोटाखालून येणाऱ्या प्रखर उष्णतेपासून तो वेळेवर बाजूस होईलच असे नाही. उर्वरित पेटी थंड असताना सरडा अशा दगडाला चिकटून राही आणि त्याचे पोट भाजत असे.

हाडांच्या विकाराची कथा अधिक व्यापक आहे. सुमारे २९० ते ३१५ नॅनोमीटर तरंगलांबीच्या अतिनील-ब किरणांमुळे सरड्याच्या त्वचेतील एका पूर्वद्रव्याचे रूपांतर होते आणि त्यापासून शरीराच्या उष्णतेने जीवनसत्त्व ड३ तयार होते. म्हणजे किरण आणि उष्णता ही एकाच प्रक्रियेची दोन पावले आहेत. एक मिळून दुसरे न मिळाल्यास प्रक्रिया मंदावते. या जीवनसत्त्वावाचून आहारातील कॅल्शियम पुरेसे शोषले जात नाही आणि शरीर हाडांतून कॅल्शियम काढू लागते. जबडा मऊ पडणे, पाय वाकणे, कणा झुकणे ही लक्षणे पाळीव हिरव्या इग्वानांत इतकी सर्रास आढळू लागली की पशुवैद्यकात हा विकार परिचित झाला. सरीसृपांसाठी अतिनील-ब किरण देणाऱ्या नळ्या १९९० च्या दशकात बाजारात आल्या. व्हायटाग्लास आणि या नळ्या यांच्यात साठ वर्षांहून अधिक अंतर आहे. मुडदुसाचे कारण माहीत असलेल्या जगात हे सरडे मुडदुसासारख्या विकाराने मरत होते, ही या इतिहासातील अप्रिय वस्तुस्थिती आहे.

पुढील काळात किरणांचे प्रमाणही निश्चित होत गेले. गॅरी फर्ग्युसन आणि सहकाऱ्यांनी २०१० मध्ये विविध जातींचे सरडे व साप निसर्गात किती अतिनील प्रकाश स्वेच्छेने घेतात याची मोजणी प्रसिद्ध केली. तिच्या आधारे जातींची चार गटांत विभागणी करण्यात आली. निशाचर म्हणून ज्यांना प्रकाशाची गरज नाही असे मानले जाई त्या बिबट्या पालींविषयीचे मतही बदलले. अल्पकाळ अतिनील प्रकाश दिल्यास त्यांच्या रक्तातील जीवनसत्त्व ड३ चे प्रमाण वाढते, असे २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आढळले.

आजच्या पेटीची रचना

वरील सर्व टप्पे आजच्या घरगुती पेटीत एकत्र आलेले दिसतात. ऑस्ट्रेलियाच्या शुष्क अंतर्भागातील, परंतु परदेशी पिढ्यान्‌पिढ्या बंदिवासात वाढलेला ‘बियर्डेड ड्रॅगन’ हा सरडा येथे उदाहरणादाखल घेता येईल. प्रौढ सरड्यासाठी सुमारे १२० सेंटिमीटर लांब, ६० सेंटिमीटर रुंद आणि ६० सेंटिमीटर उंच पेटी किमान मानली जाते. ही लांबी केवळ फिरण्यासाठी नसते. एका टोकाला ऊन खाण्याच्या जागेचा पृष्ठभाग सुमारे ४० अंशांवर ठेवून दुसरे टोक २५ अंशांच्या आसपास ठेवायचे, तर मध्ये अंतर लागते. आखूड पेटीत एक टोक तापवले की दुसरेही तापते. म्हणजे लांबी हे येथे तापमाननियमनाचे साधन आहे.

पेटीच्या तीन बाजू बहुधा लाकडी फळ्यांच्या किंवा प्लायवूडच्या असतात, कारण लाकूड उष्णता धरून ठेवते. दर्शनी बाजूस सरकत्या काचा असतात. सांधे ओलाव्यापासून सुरक्षित करून लावलेला लेप पूर्ण वाळेपर्यंत प्राणी आत सोडला जात नाही. हवेसाठी झरोके थंड टोकाला खाली आणि उष्ण टोकाला वर ठेवल्यास तापलेली हवा वरून बाहेर पडते व ताजी हवा खालून आत येते. उष्णतेचा दिवा आणि अतिनील नळी एकाच टोकाला असतात, कारण सूर्यप्रकाशात ही दोन्ही एकत्रच मिळतात. नळी जाळीच्या वर बसवल्यास किरणांचा लक्षणीय भाग अडतो. नळीचा दृश्य उजेड कायम असतानाच तिचे अतिनील किरण क्षीण होत जातात. म्हणून ती डोळ्यांवर विसंबून न बदलता ठरावीक काळाने बदलावी लागते. थर्मोस्टॅटचा संवेदक चुकीच्या जागी असेल तर उत्तम उपकरणही चुकीचे तापमान राखते.

आडोशांची संख्या ही लहानशी वाटणारी बाब या रचनेचे मर्म दाखवते. आडोसा एकच आणि तोही थंड टोकाला असेल, तर सरड्याला सुरक्षितता आणि ऊब यांपैकी एकाचीच निवड करावी लागते. भ्यालेला सरडा सुरक्षितता निवडतो आणि अन्न न पचल्याने आजारी पडतो. म्हणून दोन्ही टोकांना आडोसा लागतो. त्याचप्रमाणे नैसर्गिक ऊन मिळावे या सद्‌हेतूने काचपेटी खिडकीच्या उन्हात ठेवणे घातक ठरते. काच उपयुक्त किरण अडवते आणि उष्णता कोंडते. वॉर्डच्या पेटीचा गुण सरड्याच्या पेटीत दोष का ठरतो, याचे हे सर्वांत स्पष्ट उदाहरण होय.

मर्यादा आणि भारतीय संदर्भ

उत्तम रचनेमुळे सर्व प्रश्न सुटतात असे मानणे योग्य ठरणार नाही. क्लिफर्ड वॉर्विक याने १९९० मध्ये बंदिस्त सरीसृपांच्या वर्तनातील दोषांची चर्चा करताना काचेला सतत धडका देण्याच्या आणि ती खरवडण्याच्या वर्तनाकडे लक्ष वेधले. पारदर्शक भिंत ही अडथळा म्हणून प्राण्याला उमगत नाही, असा त्याचा अर्थ लावला जातो. ऊब आणि प्रकाश मोजता येतात. काचेपलीकडे जाण्याची धडपड मोजून भरून देता येत नाही.

भारतात हा प्रश्न कायद्याशीही निगडित आहे. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ अन्वये घोरपड अनुसूची एकमध्ये संरक्षित आहे. घोयरा सरड्यासह अन्य अनेक देशी सरीसृपांनाही या कायद्याचे संरक्षण आहे. घोरपडीसारखा प्राणी घरात ठेवणे हा, पेटी कितीही उत्तम असली तरी, गुन्हा ठरतो. २०२२ च्या दुरुस्तीने आंतरराष्ट्रीय व्यापाराच्या करारातील, म्हणजे ‘साइट्स’ परिशिष्टांतील, परदेशी जातींचा समावेश कायद्यात करण्यात आला आणि २०२४ मध्ये अशा जिवंत प्राण्यांच्या नोंदणीचे नियम अधिसूचित झाले. हिरवा इग्वाना या करारात समाविष्ट आहे. कायदा प्राणी कोठून आला आणि कोणाकडे आहे हे विचारतो. पेटीत ४० अंशांचे टोक आणि २५ अंशांचे टोक आहे काय, हा प्रश्न पाळणाऱ्याच्या ज्ञानावर आणि विवेकावर सोपवलेला राहतो.

निष्कर्ष

वरील विवेचनावरून पुढील निष्कर्ष निघतात. पहिला, सरड्याच्या पेटीची रचना ही त्या-त्या काळातील सरड्याविषयीच्या समजुतीचे मूर्त रूप आहे. घोंगडी, व्हायटाग्लास, तापणारा दगड आणि अतिनील नळी या वस्तूंतून ती समजूत वाचता येते. दुसरा, या रचनेतील खरी प्रगती उष्णता वाढवण्यात नसून उष्णतेत भेद निर्माण करण्यात झाली. प्राण्याचे तापमान पाळणाऱ्याने ठरवण्याऐवजी प्राण्याने ठरवावे, ही सोय करणे म्हणजेच चांगली पेटी बांधणे होय. तिसरा, ज्ञान प्रसिद्ध होणे आणि ते व्यवहारात येणे यांत अनेक दशकांचे अंतर पडू शकते. प्रयोगशाळा, प्राणिसंग्रहालय आणि घर यांच्यात विचारांची देवाणघेवाण नसेल तर हे अंतर वाढते. प्रॉक्टर हिच्या बाबतीत ते कमी झाले, कारण घरात सरडा पाळणारी मुलगी, संग्रहालयातील अभ्यासक आणि इमारतीची रचनाकार या तिन्ही भूमिका एकाच व्यक्तीत एकत्र आल्या होत्या.

सरडा तक्रार करत नाही. तो भुंकत नाही, ओरडत नाही. आजार लपवणे हा त्याचा स्वभाव आहे. त्यामुळे पेटीतील चूक बहुधा उशिरा कळते. म्हणूनच या पेटीच्या इतिहासाचे ज्ञान पाळणाऱ्याला करवत हातात घेण्यापूर्वी असणे आवश्यक ठरते.